'फेक न्यूज' म्हणजे नक्की काय गं?

मैत्रिणींनो, काही इंग्रजी शब्द आपल्या बोलण्यात असे रुळतात, की ते परके आहेत हे लक्षातच येत नाही. टेबल, कप, स्टेशन हे तर आता घरचेच झाले. गेल्या सात-आठ वर्षांत त्यांच्या पंगतीत आणखी एक पाहुणा येऊन बसलाय, 'फेक न्यूज'. मंडईत जा, एसटी स्टँडवर जा, हळदीकुंकवाला जा, कुणी ना कुणी हात झटकून म्हणतंच, "सोड गं, फेक न्यूज असेल!" सिलिंडरच्या भावाची बातमी असो, नटीच्या घटस्फोटाची असो, नाहीतर गावातल्या रस्त्याच्या टेंडरची असो, सगळ्यांना औषध एकच.

आमच्या बचत गटातल्या एका आजींनी तर या शब्दाचा आपला अर्थच लावून टाकला आहे. त्या म्हणतात, "फेक न्यूज म्हंजी फेकल्याली बातमी!" आपण नाही का म्हणत, 'उगाच फेकू नकोस' म्हणून? आम्ही सगळ्या हसलो खऱ्या, पण आजींचा अर्थ मला शब्दकोशापेक्षा बरा वाटला. फेकलेली म्हटलं की कुणी फेकली, कुणावर फेकली आणि कशासाठी, असे प्रश्न आपोआप येतात. आपण जो नुसता 'फेक न्यूज' म्हणतो ना, त्यात हे प्रश्न बुडून जातात. म्हणून म्हटलं, हा शब्द आला कुठून आणि त्याचा अर्थ कसकसा बदलत गेला, ते एकदा नीट बघावं. कारण हा नुसता शब्दांचा खेळ नाही, त्यात माणसांचे जीव गेलेत आणि बायकांचे पैसेही.

आपल्याकडे काय शब्दांचा दुष्काळ होता?

खोट्या गोष्टीला नाव द्यायला मराठीला इंग्रजीची गरज कधीच नव्हती. अफवा आहे, आवई आहे, वावडी आहे. कुणी कंडी पिकवतो, कुणी पुडी सोडतो, कुणी हूल देतो. थाप आहे, भूलथाप आहे आणि पचायला अगदी मऊ अशी लोणकढी थापसुद्धा आहे. गंमत बघा, यातला प्रत्येक शब्द वेगळं काही सांगतो. आवई उठते, ती कुणी उठवली ते कळत नाही. पुडी मात्र कुणीतरी मुद्दाम सोडतं, अंदाज घेण्यासाठी. भूलथापेमागे फसवण्याचा हेतू असतो, तर लोणकढी थापेत बढाई जास्त. आपल्या आज्या-पणज्यांना हे फरक बरोबर कळत होते. आपण मात्र सगळ्या बरण्यांवर एकच चिठ्ठी चिकटवली, फेक न्यूज. मग कुठल्या बरणीत हळद आणि कुठल्या बरणीत उंदराचं औषध, कसं कळायचं?

आणि अफवा पसरायला मोबाइलच लागतो असंही नाही. २१ सप्टेंबर १९९५ चा तो गुरुवार आठवतो का? गणपती दूध पितोय म्हणून देशभर देवळांपुढे रांगा लागल्या होत्या. तेव्हा व्हॉट्सॲप नव्हतं, मोबाइल तर आपण पाहिलाही नव्हता. फोनवरून, शेजारणींकडून, येणाऱ्या-जाणाऱ्यांकडून बातमी काही तासांत गावोगाव पोचली. चमच्याच्या काठाला आलेलं दूध दगडाला टेकलं की पृष्ठताणामुळे ओढलं जातं आणि पातळ थर होऊन खाली ओघळतं, हे शास्त्रज्ञांनी समजावून सांगितलं. त्या दिवशी 'फेक न्यूज' हा शब्द कुणाच्याही तोंडी नव्हता. कुणी त्याला चमत्कार म्हणालं, कुणी अफवा. एका अर्थी ते बरं होतं, निदान वाद कशावर आहे ते तरी समजत होतं.

अमेरिकेतलं बाळपण

आता या शब्दाच्या माहेरी जाऊ या. खोट्या बातम्या छापण्याचा धंदा अमेरिकेत फार जुना. १८३५ च्या ऑगस्टमध्ये न्यूयॉर्कच्या 'सन' नावाच्या वर्तमानपत्रानं लेखमाला छापली, की चंद्रावर जीवसृष्टी सापडली असून तिथं वटवाघळासारखे पंख असलेली माणसं राहतात! हा शोध खपवला कुणाच्या नावावर, तर त्या काळचे नामवंत खगोलशास्त्रज्ञ जॉन हर्शेल यांच्या. त्या बिचाऱ्यांना याचा पत्ताही नव्हता.

तरी तेव्हा त्याला फेक न्यूज म्हणत नव्हते. हा जोडशब्द अमेरिकन वर्तमानपत्रांत दिसू लागला तो साधारण १८९० च्या सुमाराला. त्याआधी 'फॉल्स न्यूज', म्हणजे सरळसरळ खोटी बातमी, असा शब्द होता. फेक न्यूजचा पहिला अर्थ साधा होता. वार्ताहरानं घरबसल्या रचलेली, न घडलेली बातमी. यात दोष असायचा तो बातमी लिहिणाऱ्याचा.

पुढे शंभरेक वर्षांनी गंमत झाली. २००० नंतरच्या दशकात अमेरिकेत फेक न्यूज म्हटलं की लोकांना हसू यायचं. जॉन स्टुअर्ट नावाचा विनोदवीर 'द डेली शो' हा कार्यक्रम करायचा. बातम्यांसारखं टेबल, बातम्यांसारखा सूट-टाय आणि पुढाऱ्यांची यथेच्छ टिंगल. त्याला तिथं कौतुकानं फेक न्यूज म्हणत. म्हणजे नकली बातमीपत्र. बघणाऱ्याला ठाऊक असायचं, की ही थट्टा आहे. आपल्याकडे सोंगाड्या नाही का फटकेबाजी करत, तसंच.

मग आलं २०१६ साल आणि अमेरिकेच्या अध्यक्षपदाची निवडणूक. 'पोपनी डोनाल्ड ट्रम्प यांना पाठिंबा दिला' अशी धादांत खोटी बातमी फेसबुकवर लाखो लोकांनी वाचली. पत्रकारांनी शोध घेतला तेव्हा कळलं, की अशा कितीतरी बातम्या दूर युरोपातल्या मॅसेडोनिया देशातल्या वेलेस नावाच्या छोट्याशा गावात बसून काही तरुण मुलं तयार करत होती. त्यांना ना अमेरिकेशी देणंघेणं होतं, ना ट्रम्पशी. लोकांनी बातमीवर बोट ठेवलं की जाहिरातीचे पैसे मिळायचे, बस! इथं शब्दाचा अर्थ पुन्हा बदलला. थट्टा मागे पडली आणि पैशासाठी किंवा मतांसाठी मुद्दाम रचलेलं खोटं, असा गंभीर अर्थ आला.

शब्द उलटला तो दिवस

हा अर्थ जेमतेम काही महिने टिकला. ११ जानेवारी २०१७ ला, अध्यक्षपदाची शपथ घ्यायला नऊ-दहा दिवस उरले असताना, ट्रम्प यांनी पत्रकार परिषद घेतली. सीएनएन वाहिनीचा वार्ताहर प्रश्न विचारायला उभा राहिला. ट्रम्प यांनी त्याला प्रश्न विचारू दिला नाही. उलट त्यालाच सुनावलं, की तुम्हीच फेक न्यूज आहात!

बघा हं, इथं काय झालं. तोवर फेक न्यूज ही एखादी बातमी असायची. आता ती माणसाला, वाहिनीला, अख्ख्या वर्तमानपत्राला दिलेली शिवी झाली. बातमी तपासायची गरजच उरली नाही. मला आवडली नाही ना, मग ती फेक! खोटं पकडायला बनवलेला शब्द खरं झाकायला वापरला जाऊ लागला.

त्या वर्षी कॉलिन्स शब्दकोशानं 'फेक न्यूज' हा वर्षाचा शब्द म्हणून निवडला. अमेरिकन डायलेक्ट सोसायटी या भाषाअभ्यासकांच्या संस्थेनंही २०१७ चा शब्द म्हणून हाच निवडला आणि त्याचे अर्थ दोन दिले. पहिला, खरी म्हणून सादर केलेली खोटी माहिती. आणि दुसरा, जिला खोटी ठरवलं जातं अशी खरी बातमी. एकाच शब्दाचे एकमेकांच्या विरुद्ध असे दोन अर्थ! आता असा शब्द कुणी उच्चारला, तर ऐकणाऱ्यानं काय समजायचं?

म्हणूनच जाणत्या लोकांनी हा शब्द बाजूला ठेवायला सुरुवात केली. २०१८ मध्ये ब्रिटनच्या संसदीय समितीनं सरकारला सांगितलं, की हा शब्द वापरू नका, त्याला नेमका अर्थच राहिलेला नाही. त्याच वर्षी युनेस्कोनं पत्रकारांसाठी एक पुस्तक काढलं, त्याच्या मुखपृष्ठावर 'फेक न्यूज' हे शब्द चक्क काट मारून छापले.

आपल्या अंगणात

आपल्याकडे हा शब्द आला तो त्याचे सगळे अर्थ एकत्र घेऊनच. २ एप्रिल २०१८ ला केंद्राच्या माहिती व प्रसारण खात्यानं जाहीर केलं, की फेक न्यूज देणाऱ्या पत्रकाराची अधिस्वीकृती आधी सहा महिने, मग वर्षभर आणि तिसऱ्यांदा कायमची काढून घेतली जाईल. पण फेक कशाला म्हणायचं? पत्रकारांनी ओरड केली आणि दुसऱ्याच दिवशी पंतप्रधान कार्यालयाच्या सांगण्यावरून ते पत्रक मागे घेतलं गेलं.

हाच प्रश्न पुढे आपल्या मुंबई उच्च न्यायालयात गेला. २०२३ मध्ये माहिती तंत्रज्ञानाच्या नियमांत दुरुस्ती झाली होती. केंद्र सरकारच्या कामकाजाविषयीचा कुठला मजकूर खोटा वा दिशाभूल करणारा आहे, हे सरकारनं नेमलेलं पथकच ठरवणार होतं. जानेवारी २०२४ मध्ये दोन न्यायमूर्तींची मतं वेगवेगळी पडली. मग तिसऱ्या न्यायमूर्तींकडे प्रकरण गेलं आणि २० सप्टेंबर २०२४ ला उच्च न्यायालयानं ही दुरुस्ती रद्द केली. 'फेक', 'खोटा', 'दिशाभूल करणारा' हे शब्द मोघम आहेत, त्यांची व्याख्याच नाही, हे त्यामागचं एक कारण होतं. म्हणजे आपण मंडईत सहज फेकतो तो शब्द न्यायालयात टिकला नाही बरं का!

पण शब्दाच्या वादात एक गोष्ट विसरून चालणार नाही. खोटी माहिती ही काही कल्पना नाही. १ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातलं राईनपाडा गाव, आठवडे बाजाराचा दिवस. पोटासाठी भटकणारे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण तिथं आले होते. त्यांतले बहुतेक मूळचे सोलापूर जिल्ह्याच्या मंगळवेढ्याकडचे. मुलं पळवणारी टोळी फिरतेय अशी अफवा तेव्हा मोबाइलवरून गावोगाव पोचली होती. जमावानं या पाचही जणांना मारून टाकलं. त्याच रात्री मालेगावात अशाच संशयावरून एका कुटुंबाला जमावानं घेरलं होतं. त्यांच्यात दोन वर्षांचं मूलही होतं. पोलिसांनी त्यांना कसंबसं वाचवलं.

त्या दिवसांत देशभर फिरलेली एक चित्रफीत होती, मोटारसायकलवरून येऊन मूल उचलून नेणाऱ्या दोघांची. ती मुळात पाकिस्तानातल्या कराचीची, पालकांनी मुलांना जपावं म्हणून बनवलेली जाहिरात होती. शेवटी ते मूल परत आणून सोडतात. तो शेवट कुणीतरी कापला आणि मग ती पुढे धाडली. चित्र खरं, पण त्याची गोष्ट खोटी! अशा गोष्टीला नुसतं फेक म्हणून भागतं का?

राईनपाड्यानंतर त्याच महिन्यात व्हॉट्सॲपनं भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवण्याची मर्यादा घातली. आता एखादा संदेश खूप वेळा फिरून आला असेल, तर त्यावर दोन बाणांची खूण दिसते. ती खूण दिसली की अंगठा आवरायचा, एवढं जरी आपण प्रत्येकीनं केलं तरी पुष्कळ आहे.

पदराला खार लागते ती इथं

अफवेनं पैसेही जातात. २०२० च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये कोंबडी खाल्ल्यानं कोरोना होतो अशी आवई उठली आणि कुक्कुटपालन करणाऱ्यांना मातीमोल भावानं पक्षी विकावे लागले. कर्ज काढून शेड बांधलेल्या कितीतरी बायका होत्या त्यात. दहा रुपयांच्या नाण्याचंही तेच. १७ जानेवारी २०१८ ला रिझर्व्ह बँकेनं जाहीर केलं, की चौदा वेगवेगळ्या नमुन्यांची दहाची नाणी चलनात आहेत आणि सगळी खरी आहेत. तरी त्यानंतरही कितीतरी दुकानदारांनी नाकं मुरडलीच.

पण याच्या उलट बाजूनं होणारं नुकसान कमी दिसतं. आमच्या भागात काही वर्षांपूर्वी एका ठेव योजनेचा एजंट घरोघर फिरायचा. आठवड्याला शंभर-दोनशे भरा, मुदत संपली की दामदुप्पट. एका वर्तमानपत्रात बातमी आली, की या योजनेविरुद्ध दुसऱ्या जिल्ह्यात तक्रारी झाल्यात आणि चौकशी सुरू आहे. मी ते कात्रण गटाच्या बैठकीत वाचून दाखवलं. काही जणींनी लगेच पैसे काढून घेतले. बाकीच्यांनी एजंटला विचारलं. त्यानं काय करावं? तेच कात्रण मोबाइलवर दाखवलं, त्यावर लाल अक्षरांत शिक्का मारलेला, फेक न्यूज! "जळणारे लोक आहेत हो ताई," एवढं एक वाक्य, की झालं. ज्यांनी त्या शिक्क्यावर विश्वास ठेवला त्यांच्यात धुणीभांडी करणारी एक जण होती. लेकीच्या लग्नासाठी साठवलेले एक्केचाळीस हजार तिनं त्यात ठेवले होते. पाच महिन्यांनी ऑफिसला कुलूप लागलं. पोलिसांत तक्रार झालीय, पैसे अजून आलेले नाहीत.

वर्तमानपत्रातली बातमी खरी होती. शिक्का खोटा होता. आणि तो मारायला त्या माणसाला ना पुरावा लागला, ना अक्कल, फक्त तो एक शब्द पुरला.

बायकांच्या बाबतीत तर हा शब्द आणखी वाईट वापरला जातो. एखादीनं छेडछाडीची, मारहाणीची तक्रार केली की गावातले ग्रुप सुरू होतात, "फेक केस आहे." तिची बाजू ऐकायच्या आतच निकाल! आणि आता तर डीपफेक आलंय. जानेवारी २०२४ मध्ये खुद्द सचिन तेंडुलकरचा चेहरा आणि आवाज वापरून एका गेमिंग ॲपची जाहिरात केली गेली. ती बनावट आहे हे त्यालाच जाहीर सांगावं लागलं. पण याचीही उलटी बाजू आहेच. उद्या कुणाची खरी चित्रफीत समोर आली तरी तो म्हणू शकतो, "हे कॉम्प्युटरनं बनवलंय."

मग म्हणायचं तरी काय?

२०१७ मध्ये क्लेअर वॉर्डल आणि हुसेन देरख्शान या दोघा अभ्यासकांनी युरोप परिषदेसाठी एक अहवाल लिहिला. त्यांनी फेक न्यूज हा शब्द टाळून तीन प्रकार केले. ते आपल्या भाषेत असे सांगता येतील. पहिला, नकळत पसरवलेली चुकीची माहिती. आपल्या आत्याबाई काळजीपोटी औषधाचा मेसेज पाठवतात, तो हा. दुसरा, मुद्दाम रचलेलं खोटं. तिसरा प्रकार मात्र आपण बायकांनी नीट लक्षात ठेवायचा. माहिती खरीच, पण कुणाला तरी इजा करायला चव्हाट्यावर आणलेली. कुण्या मुलीचा खासगी फोटो पसरवला जातो, तेव्हा तो फोटो खरा की खोटा हा प्रश्नच नसतो. तो पसरवणं हाच गुन्हा असतो. अशा वेळी केंद्र सरकारच्या सायबर क्राइम पोर्टलवर स्त्रिया व मुलांविरुद्धच्या गुन्ह्यांची तक्रार नाव न सांगताही करता येते. आणि पैशाची ऑनलाइन फसवणूक झाली तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब फोन करायचा, जितका लवकर तितकं बरं.

थोडक्यात, आपण आपले जुने शब्द परत बाहेर काढू या. कुणी म्हणालं "फेक न्यूज", तर भांडायचं नाही, शांतपणे विचारायचं, "फेक म्हणजे कसं? बातमीत चूक आहे? की अफवा आहे? कुणी मुद्दाम रचलीय? पैसे घेऊन छापलीय? थट्टा आहे? की खरी आहे, पण तुम्हाला अडचणीची आहे?" या सहा प्रश्नांतल्या एकाचं तरी उत्तर त्याला द्यावंच लागेल. देता आलं नाही, तर शिक्का मारणाऱ्याबद्दलच आपल्याला काहीतरी कळेल.

सासूबाईंना, मुलांना, नवऱ्यालाही ही सवय लावता येईल. नवऱ्याला जरा वेळ लागेल, पण लागेल! मंडळाच्या पुढच्या बैठकीत एक करून बघा. प्रत्येकीनं मोबाइलवर आलेली एकेक बातमी आणायची आणि सगळ्यांनी मिळून तिला नेमकं नाव द्यायचं. अट एकच, 'फेक न्यूज' हा शब्द वापरायचा नाही. ज्या बातमीला अफवा, थाप, चूक, जाहिरात यातलं कुठलंच नाव बसणार नाही, ती बहुतेक खरी असेल. ती मात्र नीट, शेवटपर्यंत वाचायची.